तारे, दीर्घिका आणि ‘कशावरून?’



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते, म्हणून मी विषयही शिक्षकाचाच घेतला आहे. महाविद्यालयात खगोलशास्त्राचा पहिला अभ्यासक्रम कसा असावा, याबद्दल आज बोलायचे आहे. पहिला म्हणजे असा, की ज्याच्यानंतर बहुतेक विद्यार्थी या विषयाचे दुसरे पुस्तक उघडणार नाहीत. तारे, दीर्घिका आणि विश्वरचना हा एवढा पसारा एका सत्रात मांडायचा. समोर बसलेल्यांपैकी एखादा पुढे संशोधक होईल. बाकीचे शाळेत, बँकेत, दुकानात, शेतात, कचेरीत कामाला लागतील. त्यांच्या पदरात या सत्राने काय घालावे?

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान ५,८०० केल्विनच्या आसपास आहे, देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे, विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे. ही माहिती आज प्रत्येकाच्या मोबाइलवर आहे आणि ती पाठ करायला महाविद्यालयात येण्याची गरज नाही. अभ्यासक्रमाने द्यायचे ते या आकड्यांपर्यंत पोचण्याच्या वाटेचे ज्ञान. हे कशावरून? कोणी मोजले, कशाने मोजले, आधी काय मानत होते, आणि ते का सोडावे लागले? प्रत्येक आकड्यामागे हा प्रश्न उभा राहिला पाहिजे आणि वर्गात त्याचे उत्तर मिळाले पाहिजे.

हा प्रश्न सगळ्याच विज्ञानांत विचारता येतो. पण खगोलशास्त्रात तो फार टोकदार होतो. रसायनाच्या प्रयोगशाळेत द्रावण तापवून पाहता येते, जीवशास्त्राच्या वर्गात पान सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येते. तारा हातात येत नाही, पुन्हा घडवून पाहता येत नाही. आपल्यापर्यंत पोचतो तो बहुतांशी त्याचा प्रकाश. एवढ्याशा भांडवलावर माणसाने जे ज्ञान उभे केले, त्याची कहाणी हाच या अभ्यासक्रमाचा कणा व्हावा असे मला वाटते. तीन-चार टप्पे घेऊन मी ती तुमच्यासमोर मांडतो.

१. अंतर

पहिल्याच आठवड्यात विचारायचा प्रश्न : तारे किती दूर आहेत? कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ साली आला आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मत मांडले गेले. टायको ब्राहे हा दुर्बिणीपूर्वीचा सर्वांत काटेकोर निरीक्षक. त्याने त्यावर बिनतोड शंका काढली. पृथ्वी खरोखर फिरत असेल, तर सहा महिन्यांच्या अंतराने एकाच ताऱ्याकडे पाहिल्यावर तो किंचित सरकलेला दिसायला हवा. तसा तो दिसत नाही. म्हणजे एक तर तारे कल्पनेपलीकडे दूर आहेत, किंवा पृथ्वी स्थिर आहे. टायकोने दुसरा पर्याय निवडला. विद्यार्थ्यांना इथे थांबवून सांगावे की टायकोचे तर्कशास्त्र चोख होते. त्याच्याजवळ कमी होती ती तेवढे सूक्ष्म मोजण्याच्या साधनाची.

ते साधन यायला १८३८ साल उजाडले. कोनिग्जबर्गच्या फ्रीडरिश बेसेल यांनी हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या मंद ताऱ्याचा पराशय, म्हणजे या सरकण्यावरून निघणारा कोन, मोजला. तो निघाला एका अंशाच्या ३,६०० व्या भागाचाही जेमतेम तिसरा हिस्सा. दहा रुपयांचे नाणे सतरा-अठरा किलोमीटरवर ठेवले, तर ते आपल्या डोळ्याशी जेवढा कोन करील, तेवढा हा कोन. त्यावरून साध्या त्रिकोणाने अंतर निघाले. आजचे अधिक अचूक मोजमाप सांगते, तो तारा ११.४ प्रकाशवर्षांवर आहे. कोपर्निकसपासून बेसेलपर्यंत जवळजवळ तीनशे वर्षे पृथ्वीच्या फिरण्याचा हा थेट पुरावा हाती नव्हता आणि शास्त्रज्ञ तो शोधत होते. एखाद्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात पिढ्या जाऊ शकतात, हे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना कोणीतरी सांगायला हवे.

युरोपीय अवकाश संस्थेच्या ‘गाया’ यानाने २०१४ ते २०२५ या काळात हेच काम अवकाशातून केले. त्याने आतापर्यंत दीडशे कोटींच्या आसपास ताऱ्यांचे पराशय दिले आहेत आणि ही सगळी माहिती कोणालाही फुकट उपलब्ध आहे. पद्धत मात्र बेसेलचीच : पृथ्वीच्या कक्षेचा पाया घ्यायचा आणि त्रिकोण सोडवायचा. दहावीच्या भूमितीवर माणूस ताऱ्यापर्यंत पोचतो, हे कळल्यावर वाणिज्य शाखेची मुलेही वही काढतात.

२. घडण

१८३५ मध्ये ओग्युस्त कोंत या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने मानवी ज्ञानाची सीमा आखून दिली. ताऱ्यांची अंतरे आणि गती आपण मोजू शकू, पण ते कशाचे बनले आहेत हे कधीच कळणार नाही, असे त्याने लिहिले. तिथे जाता येणार नाही, तुकडा आणता येणार नाही, मग कळणार कसे? म्हणणे रास्त वाटावे असेच होते.

गंमत अशी, की त्याचे उत्तर तेव्हा आधीच नोंदले गेले होते, फक्त कोणाला वाचता येत नव्हते. १८१४ मध्ये फ्राउनहोफर यांनी सूर्याच्या वर्णपटात पाचशेहून अधिक काळ्या रेषा मोजून ठेवल्या होत्या. बेसेलचे ते उपकरणही फ्राउनहोफरच्याच कारखान्यात घडले होते. १८५९ मध्ये हायडेलबर्गला किर्चहॉफ आणि बन्सन यांनी दाखवले की प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांचा संच वेगळा असतो, आणि सोडियमच्या ज्योतीत ज्या जागी पिवळ्या रेषा उजळतात, नेमक्या त्याच जागी सूर्याच्या वर्णपटात काळ्या रेषा आहेत. कोंतच्या विधानाला पंचवीस वर्षेही झाली नव्हती.

इथे आपल्या मातीशी खरा संबंध येतो. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण आपल्या देशातून दिसले. ग्रहणाचा पट्टा कोकणातून शिरून पूर्वेला गेला. जमखंडीला जॉन हर्शेल, गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन असे निरीक्षक वर्णपटदर्शक घेऊन बसले होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात एक पिवळी रेषा होती, ती सोडियमच्या जागेवर बसत नव्हती. पुढे नॉर्मन लॉकियर यांनी ती एका अज्ञात मूलद्रव्याची ठरवली आणि त्याला हेलियम म्हटले. विजयदुर्गावर गेलेल्यांना ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि लॉकियरनी हेलियम इथूनच शोधला, असे सांगतात. किल्ल्याबद्दलचा तो अभिमान मला समजतो. पण लॉकियर त्या दिवशी इंग्लंडमध्ये होते. त्यांनी ग्रहण नसतानाच सूर्याच्या कडेचा वर्णपट घेण्याची युक्ती काढली आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजी ती यशस्वी झाली. कोकणातल्या महाविद्यालयात हा अभ्यासक्रम चालेल तेव्हा ही गोष्ट वर्गात जरूर तपासावी. आपल्या आवडत्या कथेलाही ‘कशावरून?’ विचारता आले पाहिजे. आणि शेवटी हेलियमचा पुरावा पक्का झाला तो १८९५ मध्ये, विल्यम रॅम्सी यांना तो वायू पृथ्वीवरच्या युरेनियमयुक्त खनिजात सापडला तेव्हा.

रेषा ओळखणे ही अर्धीच गोष्ट. कोणते द्रव्य किती, हे ठरवणे त्याहून अवघड, कारण तापमान बदलले की त्याच द्रव्याच्या रेषा ठळक होतात किंवा पार पुसट होतात. या गाठीची किल्ली १९२० मध्ये कलकत्त्याहून आली. मेघनाद साहा यांनी मांडलेल्या समीकरणाने दिलेल्या तापमानाला आणि दाबाला किती अणू आयनीभूत होतील, हे काढता येऊ लागले. त्याच समीकरणाच्या आधारे हार्वर्डमध्ये सेसिलिया पेन या पंचविशीतल्या संशोधिकेने १९२५ च्या आपल्या प्रबंधात ताऱ्यांचे रासायनिक प्रमाण काढले. सिलिकॉन, कार्बन वगैरेंचे प्रमाण पृथ्वीसारखेच आले. पण हायड्रोजन आला त्यांच्या लक्षावधी पट. त्या काळच्या जाणत्यांना हे पटणे शक्य नव्हते. हेन्री नॉरिस रसेल यांच्यासारख्या ज्येष्ठांनी विरोध केला, आणि पेन यांना प्रबंधात लिहावे लागले की हायड्रोजनचे हे प्रमाण बहुधा खरे नसावे. चार वर्षांनी, १९२९ मध्ये, रसेल स्वतः वेगळ्या मार्गाने त्याच निष्कर्षाला आले आणि पेन यांच्या कामाची त्यांनी नोंद घेतली. सूर्याच्या वस्तुमानाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग हायड्रोजन आहे, हे वाक्य पाठ्यपुस्तकात एका ओळीत येते. त्या ओळीमागे कलकत्त्याचे समीकरण आहे, हार्वर्डच्या छायाचित्रांच्या काचपट्ट्या आहेत आणि पुराव्यापुढे अधिकाराने घेतलेली माघार आहे. हे सगळे शिकवल्याशिवाय ती ओळ शिकवू नये.

३. ऊर्जा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सूर्याच्या वयाबद्दल मोठा झगडा होता. लॉर्ड केल्विन यांच्या गणिताने, सूर्य स्वतःच्या वजनाने आकुंचन पावत तेज देत असेल, तर तो फार तर काही कोटी वर्षे टिकेल. भूगर्भशास्त्रज्ञ आणि उत्क्रांतीवादी म्हणत होते की खडकांना आणि सजीवांना याहून कितीतरी जास्त वेळ लागला आहे. केल्विन यांचे गणित बरोबर होते. निसर्गातला एक इंधनसाठा त्यांना ठाऊक नव्हता. १९२० मध्ये अ‍ॅस्टन यांनी दाखवले की हेलियमचा अणू हा हायड्रोजनच्या चार अणूंच्या बेरजेपेक्षा हलका असतो. त्याच वर्षी एडिंग्टन यांनी सुचवले की या फरकाचेच सूर्यप्रकाशात रूपांतर होत असावे. १९३९ मध्ये हान्स बेथे यांनी त्या अभिक्रियांची साखळी मांडली. सूर्याच्या गाभ्यात दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियम होते आणि त्यात ४० लाख टनांहून अधिक वस्तुमानाची ऊर्जा होते. एवढ्या खर्चातही सूर्य सुमारे एक हजार कोटी वर्षे चालू शकतो. उल्कापाषाणांच्या किरणोत्सारावरून सूर्यमालेचे वय निघते सुमारे ४६० कोटी वर्षे. दोन स्वतंत्र वाटांनी आलेली उत्तरे जुळली.

पण गाभ्यात खरोखर हेच चालले आहे, हे कशावरून? तिथला प्रकाश थेट बाहेर येत नाही. न्यूट्रिनो नावाचे कण येतात. अमेरिकेतल्या होमस्टेक या सोन्याच्या खाणीत सुमारे दीड किलोमीटर खोलवर रेमंड डेव्हिस यांनी शेकडो टन क्लोरीनयुक्त द्रव भरलेली टाकी ठेवली आणि साठच्या दशकाच्या अखेरीपासून सूर्याचे न्यूट्रिनो मोजायला घेतले. अपेक्षेच्या एक-तृतीयांशच मिळाले. आपल्याकडेही १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या प्रयोगात, वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनोंच्या पहिल्या नोंदींपैकी एक झाली होती; हे काम किती कष्टाचे, याची कल्पना इथल्या शास्त्रज्ञांना होती. तीस वर्षे प्रश्न लोंबकळत राहिला : सूर्याचे गणित चुकले की डेव्हिस यांचा प्रयोग? २००१–०२ मध्ये कॅनडातल्या सडबरी प्रयोगशाळेने उत्तर दिले. गणित बरोबर होते आणि प्रयोगही बरोबर होता. न्यूट्रिनोच वाटेत आपला प्रकार बदलत होते. सूर्याबद्दलच्या शंकेतून पदार्थविज्ञानाच्या मुळाशी नवे ज्ञान निघाले. ‘जुळत नाही’ असे प्रामाणिकपणे नोंदवून ठेवणाऱ्या माणसाचे विज्ञानात किती मोल आहे, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

ताऱ्यांचे आयुष्य शिकवताना मुलांना स्वतः काम करू द्यावे. कृत्तिका सर्वांच्या ओळखीच्या. त्या पुंजातले तारे जवळपास एकाच अंतरावर आणि एकाच वयाचे. गायाच्या माहितीतून त्यांचे रंग आणि तेज घेऊन आलेख काढला, की बहुतेक तारे एका तिरक्या पट्ट्यात बसतात. हर्ट्झस्प्रुंग आणि रसेल यांनी शंभर वर्षांपूर्वी आखलेला तो हाच आलेख. त्याच्या निळ्या, तेजस्वी टोकाकडे पट्टा कुठे वळतो, ते पाहिले की पुंजाचे वय कळते, कारण भारी तारे इंधन झपाट्याने संपवतात. कृत्तिकांचे वय दहा कोटी वर्षांच्या आसपास निघते. म्हणजे पृथ्वीवर डायनासोर वावरत होते तेव्हा या पुंजाचा जन्म झाला. हा निष्कर्ष पुस्तकातून न घेता स्वतःच्या आलेखावरून काढलेला विद्यार्थी तो विसरत नाही. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांची मर्यादा, श्वेतबटू, न्यूट्रॉन तारे, कृष्णविवरे हा पुढचा भाग मुले आवडीने वाचतात. तिथे शिक्षकाने वेळ कमी दिला तरी चालेल.

४. दीर्घिका आणि विश्व

पराशयाची पद्धत दूरवर जाऊन संपते. पुढचे अंतर मोजण्याची पट्टी दिली हेन्रिएटा लेव्हिट यांनी. हार्वर्डच्या वेधशाळेत काचपट्ट्यांवरचे तारे मोजण्याच्या कामावर त्या होत्या. मॅजेलनच्या लहान मेघातल्या, ठरावीक कालाने तेज बदलणाऱ्या २५ ताऱ्यांचा त्यांनी १९१२ मध्ये अभ्यास मांडला. हे सगळे तारे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर, म्हणून त्यांच्या दिसण्यातला फरक हा खऱ्या तेजातलाच फरक. आणि त्यांना आढळले की तारा जितका तेजस्वी, तितका त्याचा आवर्तनकाल मोठा. म्हणजे नुसता काल मोजला की ताऱ्याचे खरे तेज कळणार, आणि खरे तेज कळले की तो दिसतो किती मंद, यावरून अंतर. हे सेफिड तारे विश्वाचे मोजमाप करण्याची पट्टी झाले.

१९२० च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनला शॅपली आणि कर्टिस यांच्यात जाहीर वाद झाला. देवयानीसारखे सर्पिल तेजोमेघ आपल्या आकाशगंगेतच आहेत की त्या स्वतंत्र दीर्घिका आहेत? शॅपली पहिल्या बाजूचे, कर्टिस दुसऱ्या. दोघांजवळ मुद्दे भरपूर होते आणि दोघेही काही बाबतींत बरोबर, काही बाबतींत चूक निघाले. वाद वक्तृत्वाने मिटला नाही. १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये एडविन हबल यांना माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीतून देवयानीत एक सेफिड सापडला, तेव्हा तो मिटला. लेव्हिट यांची पट्टी लावल्यावर अंतर आले सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे, आकाशगंगेच्या कितीतरी बाहेर. एका ताऱ्याने विश्व मोठे केले.

पुढे १९२७ मध्ये लमेत्र यांनी आणि १९२९ मध्ये हबल यांनी दीर्घिकांचे अंतर आणि वेग यांची सांगड घातली. त्यासाठी लागणाऱ्या वेगांची मोजमापे बहुतांशी स्लायफर यांची होती. दीर्घिका जितकी दूर, तितकी तिची ताम्रसृती, म्हणजे तिच्या वर्णपटाचे तांबड्या बाजूला सरकणे, जास्त. विश्व प्रसरण पावते आहे. पण हबलच्या आकड्यांवरून विश्वाचे वय निघाले सुमारे २०० कोटी वर्षे, आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने! १९५२ मध्ये वॉल्टर बाडे यांनी दाखवले की सेफिड दोन प्रकारचे असतात आणि आधी त्यांची गल्लत झाली होती. देवयानीचे अंतर एका झटक्यात दुप्पट झाले. पट्टीच तपासून घेण्याची ही सवय आजपर्यंत चालू आहे, आणि आजचे २५ लाख प्रकाशवर्षे हे अंतर त्या तपासण्यांतून आलेले आहे.

वयाच्या या अडचणीमुळेही १९४८ मध्ये बाँडी, गोल्ड आणि हॉइल यांनी स्थिरस्थिती विश्वाची कल्पना मांडली : विश्वाला आरंभ नाही, प्रसरणातून पडणारी पोकळी नवे द्रव्य भरून काढते. कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर केंब्रिजला हॉइल यांचे विद्यार्थी झाले आणि या विचाराचे जगातले एक प्रमुख भाष्यकार ठरले. १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांनी आकाशाच्या सर्व दिशांनी सारख्या येणाऱ्या सूक्ष्मलहरी प्रारणाची नोंद जाहीर केली. त्याचे तापमान आजच्या मोजणीने २.७ केल्विन आहे. उष्ण आरंभाचा तो अवशेष मानला गेला आणि बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले.

याच ठिकाणी मला आपल्या शास्त्रीय परंपरेतली एक गोष्ट मन लावून सांगायची आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गोविंद स्वरूप यांनी उटीला डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण उभारली. ती १९७० मध्ये सुरू झाली. तिच्यावर दूरच्या रेडिओ स्रोतांचे कोनीय आकार मोजले गेले, आणि सत्तरच्या दशकात त्यांचे निष्कर्ष सांगू लागले की विश्व काळाबरोबर बदलत आले आहे. म्हणजे ते स्थिरस्थितीच्या विरुद्ध जात होते. १९७२ पासून नारळीकर त्याच संस्थेत होते. एकाच छताखाली एका मताचा पुरस्कर्ता आणि त्या मताविरुद्ध पुरावा आणणारे! पुढे या दोघांनी पुण्याला जे उभे केले ते आपण पाहतोच : विद्यापीठाच्या आवारात शेजारी शेजारी नारळीकरांची ‘आयुका’ आणि स्वरूप यांच्या पुढाकाराने झालेले राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची महाकाय दुर्बीण. मतभेद होते ते पुराव्याच्या पातळीवर. नारळीकरांनी महास्फोटाच्या सिद्धांताला शेवटपर्यंत प्रश्न विचारले. २० मे २०२५ रोजी ते गेले तेव्हा जगातले बहुसंख्य शास्त्रज्ञ त्यांच्या मताचे नव्हते, आणि तरीही आदर सर्वांना होता. अल्पमतात राहून सभ्यपणे, गणिताने आणि निरीक्षणाने वाद घालता येतो, हे महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना त्यांच्याकडून शिकता येईल.

याच नारळीकरांनी सहकाऱ्यांसह पुण्यात फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेतली. हुशार मुले आणि मतिमंद मुले अशा दोनशे जणांच्या पत्रिकांमधून प्रत्येक ज्योतिषाला चाळीस दिल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली, ते ओळखायला सांगितले. २७ ज्योतिषांची उत्तरे आली. बरोबर निघाली ४६ टक्के. नुसत्या अंदाजानेही निम्मी बरोबर यावीत. त्यांनी ज्योतिषांची टिंगल केली नाही. चाचणीचे नियम आधी ठरवले, सर्वांना सारखी संधी दिली आणि निकाल छापला. नक्षत्रांच्या नावांशी बालपणापासून परिचय असलेल्या आपल्या मुलांना या अभ्यासक्रमात हा प्रयोग शिकवलाच पाहिजे.

न सुटलेले प्रश्नही लपवू नयेत. १९३३ मध्ये झ्विकी यांनी अरुंधती केश समूहातल्या दीर्घिकांच्या वेगांवरून, आणि १९७० मध्ये व्हेरा रुबिन व केंट फोर्ड यांनी देवयानीच्या फिरण्यावरून दाखवले की दिसणाऱ्या द्रव्याने हिशेब लागत नाही. १९९८ मध्ये सुपरनोव्हांच्या निरीक्षणांतून प्रसरण वेग घेते आहे असे दिसले. आज आपण म्हणतो की विश्वातले सुमारे पाच टक्केच आपल्या ओळखीचे द्रव्य आहे, बाकीचे कृष्णद्रव्य आणि कृष्णऊर्जा. ती काय आहे, हे कोणाला ठाऊक नाही. प्रसरणाचा दर, खगोलशास्त्रज्ञांच्या नेहमीच्या एककात, एका वाटेने ६७ येतो, दुसऱ्या वाटेने ७३, आणि दोन्ही वाटांच्या त्रुटी या फरकापेक्षा लहान आहेत. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हे सांगावे. विज्ञान हे पूर्ण झालेले पुस्तक आहे, असा समज करून देणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

५. तर मग करायचे काय?

नव्या शैक्षणिक धोरणाने आपल्या शाखेबाहेरचा विषय घेण्याची वाट खुली केली आहे. तिचा लाभ घेऊन हा अभ्यासक्रम कला आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी मुद्दाम ठेवावा. लागणारे गणित त्रिकोण, गुणोत्तर आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणाचा नियम, एवढेच आहे.

प्रश्नपत्रिका बदलावी. ‘देवयानीचे अंतर सांगा’ याऐवजी ‘देवयानी आकाशगंगेच्या बाहेर आहे हे कोणत्या पुराव्याने ठरले आणि त्या पुराव्यात कोणती चूक राहिली होती?’ असा प्रश्न यावा. परीक्षा जे विचारते तेच वर्गात शिकवले जाते, हे इथल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे.

मुलांना आकाशाखाली न्यावे. मृगातली काक्षी तांबूस आणि राजन्य निळसर का दिसतो, हे एकदा नुसत्या डोळ्यांनी पाहावे आणि मग तापमानाचा धडा घ्यावा. खोडदला विज्ञान दिनाच्या सुमारास दरवर्षी प्रदर्शन भरते, तिथे वर्ग घेऊन जावा. याच दुर्बिणीवर २०२० मध्ये आपल्या शास्त्रज्ञांनी सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन वायू मोजला, आणि नवे तारे जन्मण्याचा वेग पुढे का मंदावला याचे एक कारण पुढे आले. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याला गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांनी तिची वाट पाहत बसू नये. तिथे काय मोजले जाणार, हे समजणारी पिढी आतापासून तयार करावी.

आणि हे सगळे मराठीतून व्हावे. शंकर बाळकृष्ण दीक्षित या शिक्षकी पेशातल्या माणसाने १८९६ मध्ये भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला आणि जगातल्या अभ्यासकांना त्याची दखल घ्यावी लागली. नारळीकरांनी मराठीतून आयुष्यभर लिहिले. ताम्रसृती, पराशय, दीर्घिका, कृष्णविवर हे शब्द आपल्याजवळ आहेत. उणीव आहे ती पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासाठी पुराव्यासकट लिहिलेल्या पाठ्यपुस्तकाची. ते एकट्याने लिहिण्याचे काम नाही. इथे बसलेल्या पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांपैकी पाच-सात जणांनी एकेक प्रकरण वाटून घेतले, तर ते होईल, आणि त्यातले एक प्रकरण मी लिहून देईन.

या अभ्यासक्रमातून बाहेर पडलेला विद्यार्थी दहा वर्षांनी सेफिड म्हणजे काय, हे विसरला तरी मला चालेल. पण मोबाइलवर आलेला मजकूर, औषधाची जाहिरात, सभेतले भाषण किंवा घरातली जुनी समजूत यांपुढे तो थांबून ‘कशावरून?’ असे विचारील, आणि चांगले उत्तर मिळाले तर स्वतःचे मत बदलील, एवढी अपेक्षा आहे. रसेल यांनी मत बदलले, म्हणून ताऱ्यांचे शास्त्र पुढे गेले. समाजही तसाच पुढे जातो. ज्या सरांच्या नावाने आपण जमलो आहोत त्यांनी आयुष्यभर हेच शिकवले. येत्या जूनमध्ये तुमच्या महाविद्यालयात हा विषय सुरू करा. त्यांचे स्मरण त्याहून चांगले होणार नाही.